हेडकॅनन: एका जोडशब्दाची फोड

डॉक्टर वॉटसनचं नाव जॉन. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी 1887 साली आली तेव्हाच ते छापून आलं होतं, जॉन एच. वॉटसन. मग 1891 च्या डिसेंबरात होम्सची एक नवी गोष्ट मासिकात आली. तिच्या सुरुवातीलाच रात्री उशिरा एक मैत्रीण रडवेल्या चेहऱ्याने घरी येते आणि वॉटसनची बायको तिला विचारते, की माझ्याशी एकटीशीच बोलायचंय का, जेम्सला झोपायला पाठवून देऊ का?

जेम्स! बाई नवऱ्याचं नावच विसरल्या. खरं म्हणजे विसरले आर्थर कॉनन डॉयल. मागच्या गोष्टीतले तपशील पुढच्या गोष्टीशी जुळवत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

साधा वाचक 'लेखकाची चूक' म्हणून पान उलटतो. चाहता उलटत नाही. डोरोथी सेयर्स या स्वतः नावाजलेल्या रहस्यकथालेखिका आणि होम्सच्या पक्क्या चाहत्या. त्यांनी तोडगा काढला तो असा: नावातला 'एच' म्हणजे काय, हे डॉयलनी कुठेच सांगितलेलं नाही. समजा, तो 'हेमिश' असेल तर? स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत जेम्सला 'शेमस' म्हणतात. त्याला हाक मारायची झाली, म्हणजे आपल्या व्याकरणातलं संबोधन, की सुरुवातीच्या 'श'चा 'ह' होतो आणि कानावर पडतं 'हेमिश'. म्हणजे हेमिश आणि जेम्स हे एकच नाव. बायको नवऱ्याचं मधलं नाव लाडाने इंग्रजी करून घेत होती, एवढंच. डॉयलच्या मजकुरातलं एक अक्षरही न हलवता चूक नाहीशी झाली.

या करामतीला आज चाहत्यांच्या बोलीत एक शब्द आहे: हेडकॅनन. सेयर्सबाईंच्या काळी तो नव्हता. करामत जुनी, नाव नवं.

थोडक्यात सांगायचं तर मूळ पुस्तकात, सिनेमात किंवा मालिकेत न सांगितलेली, पण सहसा त्यातल्या कशाला धक्काही न लावणारी, आणि एखाद्या चाहत्याने स्वतःपुरती खरी धरलेली गोष्ट म्हणजे त्याचा हेडकॅनन. अमुक पात्र डावखुरं आहे, तमुकला लहानपणी पाण्याची भीती वाटायची, खलनायकाच्या बहिणीचं पुढे काय झालं, असं काहीही.

शब्द नवा असला की माणूस ओळखीच्या शब्दांवरून अर्थ लावतो, आणि इथे तीच वाट चुकीच्या गावाला नेते. 'हेड' म्हटलं की आपल्या कानाला हेडमास्तर नाहीतर हेडक्लार्क ऐकू येतात. मीही आधी तसंच समजलो होतो. कॅनन म्हणजे तूर्तास सगळ्यांनी अधिकृत मानलेलं, असं धरा. हेडकॅनन म्हणजे मुख्य कॅनन, सगळ्यांच्या वरचा, ज्याच्यापुढे बाकीचे दुय्यम. अर्थ नेमका उलटा निघाला. शाळेत समासाचा विग्रह करायला लावायचे, तो इथे उपयोगी पडतो. 'मुख्य असा कॅनन' हा विग्रह केला तर तो कर्मधारय, आणि तो चूक. 'वनवास' म्हणजे वनातला वास, तसा हेडकॅनन म्हणजे हेडमधला, डोक्यातला कॅनन. सप्तमी तत्पुरुष. इथलं डोकं अधिकाऱ्याचं नाही, वाचणाऱ्याचं आहे.

आता या शब्दाची सगळी गंमत त्याच्या सांध्यात आहे, असं माझं मत. डोकं एकट्याचं असतं, कॅनन सगळ्यांचा असतो. 'वैयक्तिक सार्वमत' म्हटल्यासारखंच झालं हे. कॅनन या शब्दाला ओळखणाऱ्याला तो जोड ऐकताच हसू येतं, न ओळखणाऱ्याला त्यात काही खटकतच नाही. म्हणून कॅननची ओळख आधी करून घेऊ, आणि त्यासाठी बरंच मागे जायला लागेल.

कॅननचं मूळ शोधत गेलं की आपण एका पाणथळ जागी पोचतो. मेसोपोटेमियातल्या नद्यांच्या काठी बोरू माजायचा. अक्कादियन भाषेत त्याला 'कनू' म्हणत, हिब्रूत 'काने', आणि त्या बाजूच्या भाषांमधून तो ग्रीकमध्ये 'कान्ना' होऊन आला. बोरूचे दोन गुण माणसाच्या कामाचे. तो सरळ असतो आणि तो पोकळ असतो. शब्दाच्या पुढच्या सगळ्या वंशावळीच्या या दोनच शाखा आहेत, सरळपणाची एक आणि पोकळपणाची एक.

सरळ बोरू तोडला की मोजायची काठी तयार. बायबलमधल्या यहेज्केलच्या ग्रंथात एक पुरुष सहा हात लांबीचा बोरू घेऊन मंदिराच्या भिंती मोजत जातो, त्या मोजपट्टीचं नावही 'काने'च. मराठीतही जमिनीच्या एका जुन्या मापाला 'काठी'च म्हणत, तेव्हा आपल्याला यात नवल वाटायला नको. ग्रीकांनी या सरळ काठीला 'कानोन' म्हटलं. सुतार-गवंड्याची ती पट्टी. पण ज्याने लाकूड सरळ आहे की वाकडं ते ठरतं, त्याच नावाने मग बाकीच्या गोष्टीही सरळ-वाकड्या ठरायला लागल्या. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात पॉलिक्लिटस या शिल्पकाराने माणसाच्या शरीराची मापं एकमेकांशी कशी असावीत यावर ग्रंथ लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'कानोन'. काठीचा नियम झाला.

संस्कृतने हाच प्रवास स्वतंत्रपणे केला आहे, आणि मला तो फार आवडतो. 'मा' म्हणजे मोजणे. त्यावरून 'प्रमाण' म्हणजे ज्याने मोजायचं ते साधन. तिथून अर्थ सरकला तो पुरावा, आधार, मानायलाच हवी अशी गोष्ट इथपर्यंत. आपण 'प्रमाणभाषा' म्हणतो, 'त्यांचा शब्द आम्हाला प्रमाण' म्हणतो. काठी दोन्हीकडे विसरली गेली, हुकूम शिल्लक राहिला. कॅननला मराठीत एकच शब्द द्यायचा झाला तर मी प्रमाण हाच देईन.

आणि खरं तर तो ग्रीक शब्दही आपल्या घरात केव्हाचा येऊन बसलाय. 'कानोन' अरबीत गेला तो 'कानून' होऊन, तिथून फारसीमार्गे आपल्याकडे. कॅनन आणि कायदेकानूनमधला कानून हे एकाच काठीचे दोन तुकडे.

पोकळपणाची शाखा वेगळीकडे गेली. लॅटिनमधल्या 'कान्ना'पासून कालवा या अर्थाचा इंग्रजी 'कॅनाल' आला, आणि इटालियनमध्ये मोठ्या नळीला 'कान्नोने' म्हणता म्हणता तोफेला 'कॅनन' हे नाव पडलं. आपल्याकडेही तेच घडलेलं. संस्कृतात 'नल' म्हणजे बोरूसारखं पोकळ गवत, त्याच्यावरून पाण्याचा नळ आणि बंदुकीची नळी. तोफेचा कॅनन आणि प्रमाणाचा कॅनन इंग्रजीत उच्चाराला सारखे, स्पेलिंगमध्ये एका 'एन'चा फरक. हा एक 'एन' पुढे गोंधळ घालणार आहे, तो लक्षात असू द्या.

सरळ काठी चर्चच्या हातात गेली तेव्हा शब्दाला जरब आली. ख्रिस्ताबद्दल आणि त्याच्या शिष्यांबद्दल पुष्कळ लिखाण फिरत होतं. त्यातलं पवित्र कुठलं? इसवी सन 367 मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने एका पत्रात यादीच दिली. नव्या करारात आज जी 27 पुस्तकं आहेत, नेमकी तीच त्या यादीत आहेत. कॅननमध्ये असलेलं ते खरं, बाहेरचं ते बाहेरचं.

इथून डिटेक्टिव्हच्या गोष्टींपर्यंत शब्द कसा आला, याचं श्रेय सहसा रोनाल्ड नॉक्स यांना दिलं जातं. एका बिशपचा हा मुलगा. 1911 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी ऑक्सफर्डमध्ये होम्सवर एक निबंध वाचला. त्या काळी जर्मन पंडित बायबलची चिरफाड करत होते. हा भाग अस्सल, तो नंतर घुसडलेला, इथे लिहिणारा हात वेगळा, असं. नॉक्सनी तीच पद्धत, तसाच गंभीर चेहरा करून, आणि खोटेखोटे पंडित रचून होम्सच्या कथांना लावली. थट्टा पंडितांची होती, होम्सची नव्हती. पण चाहत्यांना खेळ आवडला. पुढे त्यांनी डॉयलच्या 4 कादंबऱ्या आणि 56 कथा मिळून 60 गोष्टींना 'द कॅनन' म्हणायला सुरुवात केली आणि तो शब्द चिकटला तो चिकटलाच. नॉक्स स्वतः नंतर कॅथलिक पाद्री झाले आणि त्यांनी अख्ख्या बायबलचं इंग्रजी भाषांतर केलं. दोन्ही कॅननांशी इतकी घसट असलेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

'फॅन' हा शब्दही देवळातूनच आलाय, जाता जाता सांगतो. लॅटिन 'फानुम' म्हणजे देऊळ, देवाने झपाटलेला तो 'फानाटिकुस', त्याचा इंग्रजीत 'फॅनॅटिक', आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला अमेरिकेत बेसबॉलवेड्यांसाठी त्याचा आखूड 'फॅन'. तेव्हा चाहत्यांनी कॅनन उचलला यात विशेष काही नाही. शब्द शेजारच्याच गाभाऱ्यातला होता.

चाहत्यांच्या हातात पडल्यावर कॅननचा अर्थ झाला 'अधिकृतपणे घडलेलं'. आणि अधिकृत म्हटलं की ते ठरवणारा कुणीतरी मालक आला. स्टार वॉर्सच्या चाहत्यांनी हे एप्रिल 2014 मध्ये अंगावर घेतलं. सिनेमांच्या भोवती शेकडो कादंबऱ्या आणि कॉमिक जमा झाले होते. नवे सिनेमे काढण्यापूर्वी ते बनवणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने जाहीर केलं, की यापुढे ते कॅनन नव्हे, त्यांना 'लेजंड्स' म्हणायचं. 1999 च्या एका कादंबरीत च्युबाका हे सिनेमातलं लाडकं पात्र मेलं होतं. त्याच्यासाठी रडून झालेले वाचक 2015 च्या सिनेमात त्याला धडधाकट हिंडताना बघत होते. आनंद म्हणावा की अपमान, हे ज्याने-त्याने ठरवायचं. पण ज्यांनी पंधरा वर्षं तो मृत्यू खरा मानला त्यांनी तो आता कुठे ठेवायचा?

डोक्यात. दुसरी जागाच नव्हती.

'हेडकॅनन' हा शब्द या प्रसंगाच्या आधीचा आहे, पण त्याची गरज अशाच प्रसंगांतून कळते. कॅनन वरून ठरतो, बदलतो, रद्दही होतो. डोक्यातल्याला हात लावायला कुणी येऊ शकत नाही. असे शब्द कुणा एकाच्या नावावर नसतात, चाहत्यांच्या गप्पांत ते घासून घासून गोल होतात. याच अर्थाने 'पर्सनल कॅनन' असंही म्हटलं जायचं. ते टिकलं नाही, आणि का नाही हे कानालाच कळतं. 'पर्सनल'ला अर्ज भरल्याचा वास येतो. 'हेड' एका अक्षराएवढं, अंगाचं, थोडं उद्धट. या शतकाच्या पहिल्या दशकात दोन सुटे शब्द लिहिले जायचे, मग मधे आडवी रेघ, मग 2007 ला सुरू झालेल्या टम्बलर या ब्लॉगच्या साइटवर त्याचं पेव फुटलं आणि दोन शब्दांमधली जागाच गेली. इंग्रजी जोडशब्द मुरल्याची हीच खूण. जोर पहिल्या तुकड्यावर सरकतो आणि मधली फट बुजते.

चाहत्यांना असे सांधे जोडायची सवय जुनीच आहे. 'फॅन' आणि 'मॅगझिन' मिळून 'फॅनझिन' 1940 सालीच झाला. एक्स-फाइल्स या मालिकेच्या चाहत्यांनी 'रिलेशनशिप'चं शेपूट तोडून दोन पात्रांची जोडी जमवणाऱ्याला 'शिपर' केलं. त्या शेपटाचा जहाजाशी काही संबंध नाही, पण जहाजाचे विनोद काही थांबत नाहीत.

आता हा शब्द वाक्यात काय करतो ते जवळून बघू. समजा, मी म्हटलं, "वॉटसनला मांजरं आवडत नाहीत." लगेच कुणीतरी विचारेल, कुठल्या गोष्टीत? पान दाखव. तेच मी म्हटलं, "माझ्या हेडकॅननमध्ये वॉटसनला मांजरं आवडत नाहीत." आता पान मागता येत नाही. पण त्याची किंमतही मी मोजलेली असते, कारण समोरच्याच्या वॉटसनने घरात चार मांजरं पाळली असली तर मलाही त्याला चूक म्हणता येत नाही. पुरावा मागायचा नाही, पुरावा लादायचा नाही. एका जोडशब्दात एवढा करार मावतो. ज्यांनी चाहत्यांची भांडणं पाहिली आहेत, त्यांना या कराराचं मोल सांगायला नको. अर्थात तो मोडणारेही आहेतच. 'माझा हेडकॅनन' म्हणून सुरुवात करायची आणि तिसऱ्या वाक्याला दुसऱ्याची अक्कल काढायची, हे रोज चालतं.

करार पाळला तर काय होतं, त्याला पुन्हा वॉटसनच घ्या. 1887 च्या पुस्तकात त्याला लढाईत गोळी लागली ती खांद्याला. 1890 च्या पुस्तकात त्याचा ठणकतो तो पाय. कुणी म्हणतं दोन गोळ्या लागल्या. कुणी म्हणतं गोळी एकच, पण लागली तेव्हा वॉटसन अशा काही चमत्कारिक पद्धतीने वाकलेला होता की खांद्यातून ती पायात गेली. कुणी म्हणतं खांद्याची खरी, पायाची गोष्ट भलत्याच जागी जखम झाली ती लपवायला. तिन्ही सुखाने शेजारी नांदतात.

हेडकॅनन पुष्कळ डोक्यांत एकदमच शिरला तर त्याला 'फॅनॉन' म्हणतात, फॅन अधिक कॅनन. फॅनॉन जोरात पसरला की मूळ काय होतं ते लोक विसरतात. होम्सचं ते प्रसिद्ध वाक्य, 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन', घ्या. त्या 60 गोष्टींत ते असं सलग कुठेही नाही. ते नाटक-सिनेमांनी आणि लोकांनी रुजवलं. आता डॉयल स्वतः येऊन नाही म्हणाले तरी कुणी ऐकणार नाही. उलट दिशेचा प्रवासही होतो. सेयर्सबाईंचा तो हेमिश आठवतोय ना? 2012 च्या जानेवारीत बीबीसीच्या शेरलॉक मालिकेच्या एका भागात वॉटसनने स्वतःच्या तोंडाने मधलं नाव सांगितलं, हेमिश. एका चाहतीच्या डोक्यातली गोष्ट त्या मालिकेपुरती का होईना, कॅनन झाली.

लेखकच चाहत्यांच्या बोलीत बोलायला लागले तर? 2015 च्या डिसेंबरात हॅरी पॉटरच्या नाटकात मोठ्या हर्मायनीच्या भूमिकेसाठी नोमा डुमेझ्वेनी या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची निवड झाली. हर्मायनी कृष्णवर्णीय असल्याचा हेडकॅनन आणि तशी चित्रं चाहत्यांमध्ये आधीपासून फिरत होती. विरोध करणारे पुस्तकाचा आधार मागत होते. त्यावर जे. के. रोलिंग यांनी ट्विट केलं, आणि सुरुवातच 'कॅनन' या शब्दाने केली: तपकिरी डोळे, कुरळे विस्कटलेले केस, अतिशय हुशार, गोरी कातडी असं कुठे सांगितलेलं नाही. मला यात रस आहे तो त्यांच्या शब्दनिवडीत. 'पुस्तकात' असं त्या म्हणाल्या नाहीत, 'कॅनन' म्हणाल्या. ज्याच्या हातात काठी, तोच काठी बाजूला ठेवून सांगत होता, की एवढंच मोजलंय, बाकी जागा मोकळी आहे.

आता तो एक 'एन'. इंग्रजीत 'हेडकॅनन' लिहिताना तोफेचं स्पेलिंग करणारे पैशाला पासरी आहेत, आणि त्यांना चिडवायला डोक्यावर तोफ बसवलेल्या माणसांची चित्रं काढणारेही. व्याकरणाने बघितलं तर चूक आहे. व्युत्पत्तीने बघितलं तर तोफ त्याच बोरूची चुलत बहीण, एकदम परकी म्हणता येत नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव मात्र या घराण्यातलं नाही. त्यांच्या 1934 च्या पहिल्या नमुन्याचं नाव होतं 'क्वानॉन', म्हणजे करुणेची बौद्ध देवता. पुढच्या वर्षी त्याचं 'कॅनन' केलं गेलं, त्यात मानदंड हा अर्थ आपसूक मिळाला.

मराठीत या शब्दाचं काय करायचं? चाहते तो आहे तसाच वापरतात, नाम म्हणून आणि क्रियापद म्हणूनही: "मी तर त्या दोघांना भावंडंच हेडकॅनन केलंय." कुणी 'मनकथा' सुचवेल, पण तिच्यात कॅननची जरब उतरत नाही, आणि जरब गेली की विनोदही गेला. प्रमाण धरूनच चालायचं तर 'मनप्रमाण' हा शब्द मला सुचतो. 'माझ्या मनप्रमाणात वॉटसनला मांजरं आवडत नाहीत.' जरा पुस्तकी वाटतो खरा. पण त्याच्याबरोबर आणखी एक शब्द आयता हाती येतो. कॅननमध्ये न बसणाऱ्या, कुणालाच न पटणाऱ्या, खांद्यातून पायात गोळी नेणाऱ्या कल्पनांना मराठीत वेगळं नाव शोधायची गरजच नाही. त्या प्रमाणाबाहेर.